बाबांचा स्वेटर आणि त्रेचाळीस लेयर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (कमरेमुळे हा प्रकार प्रत्यक्षात जमत नाही, कागदावर अजून जमतो.) तुझी तब्येत बरी असेल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? गेल्या वेळी ते म्हणाले होते की डावा दुखायचा थांबला आणि उजवा सुरू झाला. म्हणजे दुखणं कुठल्या वाटेने पलीकडे गेलं असेल, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला आहे. भाचीचं काम कसं चाललंय? तिचा संगणक उत्तम चालतो हे मला नुकतंच कळलं, आणि ज्या कारणाने कळलं त्याच कारणाने हे पत्र लिहितो आहे. सतरा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. परवा मी हिच्या फोनवरून लावला, तो तू उचललास. मी नुसता श्वास घेतला आणि तू ठेवून दिलास. पन्नास वर्षांनंतरही माझा श्वास ओळखतेस याचा आनंद झाला, पण बोलणं राहिलं. तेव्हा हे पत्र फाडायचंच असेल तर निदान पूर्ण वाचून फाड.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक म्हणून काढली, तिथली नोंदवहीची सवय सुटत नाही. तर, नगरकचेरीच्या मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त होऊन पुन्हा चालू झालं. घड्याळाखालच्या खोलीत, जिथे बाबांनी अठ्ठावीस वर्षं किल्ली फिरवली आणि तेल घातलं, तिथे येत्या अठरा तारखेला त्यांचा मोठा फोटो लागणार आहे. कचेरीतले साहेब म्हणाले की भिंत पांढरी आहे, फोटो रंगीत असेल तर उठून दिसेल. बाबांचा घड्याळाबरोबरचा फोटो एकच, तोही काळा-पांढरा. तो रंगीत करून देतो, असं मी बोलून गेलो. (निवृत्त माणसाला कोणी काही मागितलं की त्याच्या तोंडून आधी हो निघतं, विचार नंतर येतो.) फोटोत बाबांच्या अंगात स्वेटर आहे. तू म्हणालीस तो हिरवा, कारण तूच विणलेला, आई गेली त्या हिवाळ्यात, तेराव्या वर्षी. आत्या म्हणाली तो मरून रंगाचा, कारण तिने विणलेला, त्याच हिवाळ्यात, आपल्याकडे राहायला आली तेव्हा. मग तू म्हणालीस, मरून लावला तर मी येणार नाही. आत्या म्हणाली, हिरवा लावला तर मी येणार नाही. त्या दिवसापासून तुम्ही एकमेकींशी बोलत नाही, आणि दोघींच्या मधे मी आहे. स्वेटर विणला तेव्हा मी सात वर्षांचा होतो, मला त्या हिवाळ्यातलं थंडीखेरीज काही आठवत नाही.

आता माझ्या शिक्षणाची कथा. हिने वाढदिवसाला दिलेल्या संगणकावर फोटो सुधारायचा प्रोग्रॅम टाकून घेतला आणि फोटो स्कॅन करून आणला. बाबांचा चेहरा जरा अंधारात होता म्हणून उजेड वाढवला आणि सेव्ह केलं. मग कपाळ फार पांढरं झालं म्हणून उजेड कमी करून सेव्ह केलं. मग मिशी फिकी वाटली, म्हणून ती गडद करून सेव्ह केलं. असं अकरा वेळा सेव्ह केल्यावर बाबांच्या मिशीतून कॉलर आणि कॉलरीतून मिशी वेगळी काढता येईना, आणि चेहरा कोळशाने काढल्यासारखा दिसायला लागला. मागे जावं म्हटलं तर मागे काही उरलंच नव्हतं. प्रयोगशाळेत मुलांना एकतीस वर्षं ओरडून सांगत आलो की मूळ नमुना बाजूला ठेवा आणि चाचणी त्यातल्या थोड्या भागावर करा. आणि स्वतःच्या बाबांच्या बाबतीत मी अख्खी बाटली चुलीवर ठेवली.

पुन्हा स्कॅन करायला गेलो तेव्हा चौकातल्या फोटो छापून देणाऱ्या बाईंनी ते कोळशाचं चित्र बघितलं. या बाई चष्म्याच्या वरून बघतात आणि एका वाक्यात बोलतात. म्हणाल्या, "मूळ फोटोला हात लावायचा नाही." मी विचारलं, मग सुधारायचा कसा? त्यांनी मला स्टुलावर बसवून अ‍ॅडजस्टमेंट लेयर दाखवला. ताई, ही फार नवलाची गोष्ट आहे. तू कंटाळशील हे माहीत असून सांगतो. फोटोच्या वर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखा थर येतो. उजेड, अंधार, रंग, जे काय बदलायचं ते त्या थरात बदलायचं. खालचा फोटो जसाच्या तसा. थराच्या शेजारी एक छोटा डोळा असतो. तो मिटला की केलेलं सगळं नाहीसं होतं आणि उघडला की परत येतं. मी तो डोळा इतक्या वेळा उघडमीट केला की बाईंनी माउस काढून घेतला. पण मला सांग, डोळा मिटल्यावर तो रंग जातो कुठे? बाई म्हणाल्या, कुठे जात नाही, वाट बघतो. या उत्तरावर मी दोन दिवस विचार करत होतो.

घरी येऊन पहिला थर टाकला तो तुझाच. पक्षपात म्हण, पण खरं आहे. हिरवा लावला आणि बाबा पायांपासून भांगापर्यंत हिरवे झाले. पाठीमागचं घड्याळही हिरवं. ही भाजी निवडता निवडता डोकावली आणि विचारती झाली, मामंजींना तेव्हा कावीळ झाली होती का? मी म्हटलं, काविळीत पिवळा होतो. ती म्हणाली, मग जास्तच झाली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाईंकडे. त्यांनी मास्क शिकवला. थराच्या पोटात एक कोरा चौकोन असतो, त्यात काळं फासलं तिथे रंग झाकला जातो, पांढरं ठेवलं तिथे दिसतो. मी ब्रश घेऊन चार दिवस बाबांच्या कडेकडेने काळं फासत बसलो, आणि स्वेटर तेवढा हिरवा राहिला. खरं सांगू? छान दिसत होता. बाबा जरा जाड दिसतात त्यात, पण ते आपण नेहमीच म्हणत आलो. आठवतं? त्या वर्षी बाबा अंगाने भरले होते, डॉक्टरांचं टॉनिक लागू पडलं होतं, असं तूच सगळ्यांना सांगायचीस. आणि कपाळावर घाम चमकतो, तो फोटोवाल्याच्या दिव्यांमुळे.

मग माझा हात सुटला. नाकासाठी एक थर, कानासाठी एक, घड्याळाच्या काट्यासाठी दोन. बदल आवडला नाही की तो थर तसाच ठेवून वर नवा टाकायचा. मोजले तेव्हा त्रेचाळीस झाले होते, संगणक पंखा लावल्यासारखा घोंघावत होता आणि एकाचंही नाव धड नव्हतं. अमुक तीन, तमुक तीनची कॉपी, त्या कॉपीची कॉपी. एकतीस वर्षं बाटल्यांना चिठ्ठ्या लावणारा माणूस मी! बाईंनी यादी बघितली आणि चष्मा काढून ठेवला. पटलं नाही तर नवा थर कशाला, जुनाच उघडा आणि आकडा बदला. कानाला वेगळा, नाकाला वेगळा कशाला, दोन्हींना उजेडच हवा ना, मग एकच थर आणि एकच मास्क. एका कामाचे सगळे एका ग्रुपमध्ये घाला, आणि मास्क ग्रुपला द्या, म्हणजे कड एकदाच रंगवावी लागेल. (माझे चार दिवस! प्रत्येक थराला मी तीच कड वेगळी रंगवत होतो.) त्यांनी पाऊण तासात त्रेचाळीसचे सहा केले आणि फोटो होता तसाच राहिला, उलट बराच निवळला. शेवटी म्हणाल्या, "आणि नावं अशी द्या की बघताक्षणी ओळख पटेल." ताई, आता तुला कळलं असेल की मी कुठे येऊन पोचलो.

होय. मी एका थराला "ताई (हट्टी)" असं नाव दिलं आणि दुसऱ्याला "आत्या (त्याहून हट्टी)". बघताक्षणी ओळख पटावी हा एकमेव हेतू होता. मग मला वाटलं, डोळा आहे ना, मग भांडण कशाला? तुझा डोळा उघडा ठेवून तुला हिरवा फोटो पाठवू, आत्याचा उघडा ठेवून तिला मरून. अठरा तारखेचं अठरा तारखेला बघू. मधे तडजोडही करून बघितली. दोन्ही डोळे उघडे ठेवून दोघींचा रंग निम्मा-निम्मा केला, तर बाबा चिखलातून काढल्यासारखे दिसले. ही म्हणाली, यात कोणाचंच समाधान होणार नाही, निदान भांडण तरी समान वाटलं जाईल. ते बाजूला ठेवलं. आत्याला तिचा फोटो नीट गेला. तुझ्या वेळी मात्र मी तयार फोटोऐवजी कामाची फाइलच पाठवून दिली, थर, डोळे, नावं सगळ्यासकट. आणि भाचीकडे नेमका तोच प्रोग्रॅम. यादी तिने तुला वाचून दाखवली म्हणे. आत्याच्या नावाचा डोळा मिटलेला होता हे तिने सांगितलं का? नसेल सांगितलं. तू चिडलीस ते नावामुळे चिडली असतीस तर मी दोन वेळा माफी मागून सुटलो असतो. पण तू भाचीकरवी एकच ओळ पाठवलीस, की बाबांना मी कोणाच्याही रंगात विकायला काढलंय. ती ओळ मला लागली, कारण ती खरी होती. मी दोघींना खूश ठेवायच्या नादात, खरं काय होतं हे एकदाही बघितलं नव्हतं. माझं चुकलं. हे मी सरळ लिहितो, कंसात नाही.

त्या दिवशी मी सगळे डोळे मिटले. हिरवा, मरून, उजेड, सगळं गेलं आणि खाली बाबा राहिले, जसे होते तसे, राखाडी. इतके दिवस मी त्यांच्या वरच्या थरांकडेच बघत होतो. मग एकच नवा थर घेतला, ज्याने फक्त अंधारातला भाग उजळतो. मास्क अख्खा काळा केला आणि बारीक ब्रशने जिथे बघायचं तिथेच पांढरं केलं. बघायची होती ती वीण. हिरवा की मरून ते फोटो सांगणार नाही, पण टाके कोणाचे हे सांगेल, असं मला वाटलं. (इतक्या दिवसांत हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं.) छातीवर उजळत गेलो, तर वेणीची वीण. मोठी, सफाईदार, एकसारखी. ताई, मी हात थांबवला. तशी वीण तुला त्या वयात येत नव्हती, तुझे नुसते उलटे-सुलटे टाके होते. म्हणजे स्वेटर आत्याचा. तुला हे कसं सांगायचं ते कळेना. खोटं वाटेल, पण एकदा मनात आलं की हा थर पुसून टाकावा आणि हिरवा लावून मोकळं व्हावं.

पण कुतूहल स्वस्थ बसू देईना. गळ्यापाशी ब्रश नेला, तर स्वेटरच्या गळ्याच्या आत आणखी एक कड. शर्टाची कॉलर त्याच्याही आत. थर मिटून बघितला, कड गायब. उघडला, कड हजर. मग डाव्या मनगटाकडे गेलो. तिथे स्वेटरच्या बाहीखालून बोटभर पट्टी बाहेर येते, तिला आपण जन्मभर शर्टाचा कफ समजत आलो. तो कफ नाही. ते उलटे-सुलटे टाके आहेत, आणि पट्टीच्या मधोमध एक टाका सुटलेला आहे. तुझी डावी बाही दीड इंच लांब झाली होती ना? बाबा ती दुमडून घालायचे आणि म्हणायचे की दुमडल्यावर हात जास्त गरम राहतो.

ताई, बाबांनी दोन्ही घातले होते. आत तुझा, वर आत्याचा.

मी बाबांचं घड्याळाचं भिंग काढलं, ते डोळ्याला लावायचं, कपाटात होतं ते, आणि खऱ्या फोटोवर बघितलं. अंधुक, पण आहे. मनाचे खेळ नकोत म्हणून फोटो घेऊन बाईंकडे पळालो. त्यांनी चष्म्याच्या वरून, मग चष्म्यातून, मग भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "दोन आहेत." म्हणजे टॉनिक लागू पडलं नव्हतं. दिव्यांनी घाम फुटला नव्हता. आपले काडीसारखे बाबा दोन लोकरीचे स्वेटर अंगावर चढवून, घाम निथळत, सरळ उभे राहिले होते. घरात तेव्हा एक पोरगी होती जिची आई नुकतीच गेली होती, आणि एक बहीण होती जी आपलं सगळं सोडून आली होती. दोघींनी विणलं, दोघींनी विचारलं असेल, फोटोत माझा घालाल ना? त्यांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी दोघींनाही हो म्हटलं आणि दोन्ही वेळा शब्द पाळला. मला त्या दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या रडू आलं. बाईंनी पंखा माझ्याकडे वळवला.

तेव्हा फोटो असा छापतो आहे: वर मरून, गळ्याला हिरवी कड आणि मनगटावर बोटभर हिरवी पट्टी, सुटलेल्या टाक्यासकट. तुझा कमी दिसतो हे मला कळतं. पण अंगाला लागून तुझा होता. उकडत असूनही त्यांनी तो काढला नाही, आणि बाही बाहेर काढून ठेवली ती चुकून निघाली असेल असं मला वाटत नाही. घड्याळाच्या खोलीकडे बावीस पायऱ्या आहेत, कठडा एकाच बाजूला. भाऊजींना दोन्ही गुडघ्यांसकट घेऊन ये. थरांची नावंही बदलली आहेत. आता तुझं नाव नुसतं "ताई" आहे. सगळ्यात खाली "बाबा" आहेत आणि त्यांच्यासमोर कुलपाचं चिन्ह आहे, म्हणजे माझ्याकडून चुकूनही काही व्हायचं नाही.

भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. (आणि इथून पुढे आलेल्या फाइलींच्या याद्या मोठ्याने वाचू नकोस म्हणावं.)

तुझा,
धाकटा

ता. क. हिरवा म्हणजे कोणता हिरवा ते कळव. प्रोग्रॅममध्ये हिरव्याचे इतके प्रकार आहेत की मी पोपटी आणि शेवाळी यांच्यामधे अडकलो आहे. त्या लोकरीचा एखादा धागा तुझ्या शिवणाच्या डब्यात असणार, तू काहीच टाकत नाहीस. तो पाठव.

ता. क. २. असंच एक पत्र आत्यालाही लिहून सकाळीच हातोहात पाठवलं आहे. त्यात आतला स्वेटर थोडक्यात आहे आणि वरच्या स्वेटरचं, चारचौघांत उठून दिसण्याचं वगैरे कौतुक सविस्तर आहे. दोघी भेटाल तेव्हा पत्रं शेजारी ठेवून वाचू नका.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार इतक्यात आत्याचा फोन आला, म्हणून हे समासात लिहितो. दोन स्वेटरांचं वाचून लावला होता. म्हणाली, मीच त्याला सांगितलं होतं, फोटोपुरता पोरीचा काढून ठेव आणि माझा घाल. तो हो म्हणाला होता. मग म्हणाली, अठराला मला त्या बावीस पायऱ्या एकटीला चढवणार नाहीत, आणि तुझा हात मला नको, तुझी कंबर गेलेली आहे. आणि तिला विचार, बाही एवढी लांब कशी झाली होती, पन्नास वर्षं विचारायचं राहिलंय. मी म्हटलं, ते मी नाही विचारणार, तूच विचार. तेव्हा ताई, पत्र तुला बुधवारी मिळेल. गुरुवारी सकाळी दहाला तुझा फोन वाजेल, तो माझा नसेल. उचल.